झडपेचा आवाज

ग्रामीण रुग्णालयात रुजू झाले तेव्हा माझ्या कामाच्या यादीत सगळ्यात खाली एक ओळ होती. उपकारागृह, मंगळवार आणि शुक्रवार. गाव नाशिक जिल्ह्यातलंच, पण त्याचं नाव मी लिहीत नाही. मी नाशिकला गंगापूर रोडवर वडिलांबरोबर राहायचे आणि रोज सकाळी एसटीनं तिथे जायचे. चार्ज देताना आधीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "तिकडे फार काही नसतं. खाज, खोकला, ताप. अर्ध्या तासात उरकतं."

तसंच होतं बरेच दिवस. चार बराकी, मधे फरशीचं अंगण, कोपऱ्यात पाण्याची मोटार. ठेवायची त्यापेक्षा बरीच जास्त माणसं आत असायची. तुरुंग अधिकाऱ्यांच्या खोलीबाहेर व्हरांड्यात टेबल मांडायचे, माणसं एकेक करून समोर यायची. कोण कशासाठी आत आलाय हे मी विचारत नसे. त्याचा आपल्या कामाशी संबंध नाही, असं मी स्वतःला सांगितलं होतं. खरं म्हणजे मला त्या जागेत जास्त वेळ थांबायला आवडत नसे. आत गेलं की मागे फाटकाची कडी पडायची, आणि आपण कधीही बाहेर जाऊ शकतो हे माहीत असूनही मान आपोआप मागे वळायची.

तो माणूस पहिल्यांदा समोर आला एका मंगळवारी. चाळिशीचा, सडपातळ, दाढी वाढलेली. लासलगावला एका कांदा व्यापाऱ्याकडे वजनाच्या पावत्या लिहायचं काम करायचा. लिलाव बंद पडले होते तेव्हा रस्ता अडवला गेला, कुणीतरी दगड मारला, आणि नंतर जी नावं लिहिली गेली त्यात याचंही होतं. लासलगावकडचं नेहमीचं कारागृह भरलेलं, म्हणून याला आमच्याकडे आणलं होतं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी तो एवढंच म्हणाला,

"मॅडम, माझी गोळी बंद पडलीय. रक्त पातळ ठेवायची. झडप बसवलेली हाय मला."

मी त्याला शर्ट वर करायला सांगितलं. छातीच्या मधोमध उभा जुना व्रण होता. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यातून हृदयाची एक झडप खराब झाली, आणि विशीत मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात धातूची झडप बसवली होती. अशा झडपेचा प्रत्येक ठोक्याला बारीक आवाज येतो. स्टेथोस्कोप लावला तर तो इतका स्वच्छ येत होता, की कुणी काचेवर नखानं टिचकी मारतंय असं वाटावं.

"किती दिवस झाले गोळी घेऊन?"

"पाच दिवस. धरलं त्या दिवसापासून नाय."

"धरल्यावर तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांना सांगितलं नाही?"

"त्यांनी इचारलं, आत्ता काही दुखतंय का. मी म्हणलो, नाय. दुखत नव्हतंच."

धातूची झडप असलेल्या माणसानं ही गोळी चुकवायची नसते. चुकवली तर झडपेवर रक्त साकळतं, गाठ होते, आणि एक दिवस झडप अडकते. हे मला माहीत होतं, डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. आमच्या रुग्णालयात ती गोळी नव्हती. मी कागदावर गोळीचं नाव आणि मात्रा लिहिली, घरून आणलेलं औषध आत घ्यावं असं लिहून सही केली आणि तो कागद तुरुंग अधिकाऱ्यांना दिला. ते सज्जन होते, कधी आवाज चढवत नसत. "घरच्यांना कळवतो," ते म्हणाले. कळवलंही.

रुग्णालयासमोरच्या मेडिकलमध्ये ती गोळी मिळत होती. मी स्वतः एक पाकीट घेऊन देऊ शकले असते. हे मला त्या दिवशी सुचलंच नाही, आणि सुचलं तेव्हा त्याचा उपयोग नव्हता.

त्याची बायको बुधवारीच गोळ्या घेऊन आली. ती त्यांच्या गावात अंगणवाडी सेविका होती. घरात उरलेलं अर्धं पाकीट तिनं आणलं होतं. फाटकावरच्या हवालदारानं सांगितलं, फोडलेलं पाकीट चालत नाही, बिलही पाहिजे. ती परत गेली. गुरुवारी नवं पाकीट आणि बिल घेऊन आली, तेव्हा दुसरा हवालदार होता. त्यानं माझा कागद काढून पाहिला. त्यावर सही होती, पण रुग्णालयाचा शिक्का नव्हता. शिक्का मी टेबलाच्या खणात ठेवते, आणि कारागृहात जाताना तो घेऊन जायची मला सवय नव्हती. "उद्या शुक्रवार आहे, मॅडम येतील, त्यांच्याकडून शिक्का घ्या," असं तो तिला म्हणाला.

शुक्रवारी मी गेले नाही. नाशिकला प्रशिक्षण होतं. माझ्याऐवजी कोणी जायचं हे ठरलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. ती बाई सकाळी अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत फाटकासमोरच्या लिंबाखाली बसून होती, हे मला पुढे चौकशीत तिच्या जबाबातून कळलं. शनिवार-रविवार गेले. सोमवारी तिला अंगणवाडीची बैठक चुकवता आली नाही.

पुढच्या मंगळवारी मी आत गेले तेव्हा ती फाटकातच उभी होती. हातात बिल आणि पाकीट. तिनं शांतपणे सगळं सांगितलं. मला लाज वाटली. मी रुग्णालयातून शिपायाकरवी शिक्का मागवला, कागदावर मारला आणि गोळ्या आत घ्यायला लावल्या. निघताना ती म्हणाली,

"मॅडम, एकदा बघून घ्या त्यांना. काल भेटायला आलेल्या आमच्या भावकीतल्या माणसानं सांगितलं, धाप लागते म्हणून."

तो व्हरांड्यात आला तो भिंतीचा आधार घेत. बसल्यावरही खांदे वरखाली होत होते. पायावर बोटानं दाबलं तर खड्डा राहिला. त्याच्याबरोबर त्याच बराकीतला एक म्हातारा कैदी आला होता, त्याला धरून आणायला. म्हातारा जाईना. हवालदारानं "चला बाबा" म्हटलं तरी तो उभाच राहिला.

"मॅडम, याच्या छातीत घड्याळ हाय. आम्ही शेजारी निजतो, आम्हाला आयकू येतं. पयल्या दिवशी मला झोप नाय आली त्यानं." तो थांबला. "आता येत नाय आवाज. दोन दिस झाले."

मी स्टेथोस्कोप लावला. कोपऱ्यात मोटार चालू होती, टाकी भरत होती. मी हवालदाराला मोटार बंद करायला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, पाणी जायला दहाच मिनिटं राहिलीत. बंद केली तर दिवसभर पाणी नाही कुणाला." मी पुन्हा कान देऊन ऐकलं. टिचकी नव्हती. तिच्या जागी काहीतरी दबकं होतं, ओल्या कपड्यावर मारल्यासारखं. मी स्टेथोस्कोप थोडा सरकवला, पुन्हा ऐकलं. तसंच. मग मी मनाशी म्हटलं, मोटारीचा आवाज आहे, नीट कळत नाहीये.

असं मी मनाशी म्हटलं, हे मला आजही शब्दाशब्दानं आठवतं.

मी कागदावर लिहिलं: हृदयरोगतज्ज्ञांकडे पुढील तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावे. या वेळी शिक्का मारला. तुरुंग अधिकाऱ्यांनी तो वाचला.

"गार्ड मागवावा लागेल," ते म्हणाले. कैद्याला बाहेर न्यायचं तर पोलीस मुख्यालयाकडून सोबत माणसं यावी लागतात, त्यालाच तिकडे गार्ड म्हणतात. "सध्या सगळे नाशिकला बंदोबस्तात आहेत. आज पत्र पाठवलं तर परवा-तेरवा मिळेल." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तातडीचं आहे का? तातडीचं असेल तर तसं लिहून द्या. मग मी मुख्यालयाची वाट बघत नाही, इथलीच दोन माणसं देतो आणि आत्ता रवाना करतो."

त्याच्या दोन महिने आधी मी एकाला छातीत दुखतंय म्हणून तातडीनं पाठवलं होतं. पित्त निघालं. दोन माणसांचा दिवस वाया गेला, फाटकावर माणसं कमी पडली, आणि मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मला फोन करून चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात सुनावलं होतं. ते सगळं त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं.

"तसं अगदी तातडीचं नाही," मी म्हटलं. "पण उशीर नको."

"ठीक आहे," ते म्हणाले आणि पत्र लिहायला घेतलं.

तो माणूस तिथेच बसलेला होता. आमचं बोलणं त्यानं ऐकलं. उठताना मला म्हणाला, "गोळी आलीय ना मॅडम, आता होईल बरं." त्याला खरंच तसं वाटत होतं, का तो मला धीर देत होता, हे मला सांगता येणार नाही.

बुधवार गेला. मी रुग्णालयात होते. दोनदा कारागृहात फोन करायचं मनात आलं आणि दोन्ही वेळा कुणीतरी पेशंट समोर आला. गार्ड आला का, एवढंच विचारायचं होतं.

गुरुवारी सकाळी साडेनऊला बाह्यरुग्ण विभागाच्या दारात पोलिसांची जीप लागली. त्याला दोघांनी उचलून आणलं. ओठ निळे, तोंडाला गुलाबी फेस, डोळे उघडे. बसलेला होता, आडवं होता येत नव्हतं त्याला. मी प्राणवायू लावला, इंजेक्शनं दिली, रुग्णवाहिकेला फोन केला. तो माझा हात घट्ट धरून काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता. मी त्याच्या तोंडाजवळ कान नेला, पण शब्द होत नव्हते, नुसता श्वास होता. दुसऱ्या हाताला बेडी होती. ती काढा म्हणून मी सांगितलं. हवालदार चावी शोधत होता. रुग्णवाहिका यायच्या आत तो गेला. बेडी त्यानंतर निघाली.

त्याची बायको दुपारी आली. तिनं रडारड केली नाही. माझ्यासमोर येऊन विचारलं,

"गोळ्या पोचल्या होत्या का त्यांना?"

"हो. मंगळवारी."

"मंगळवारी," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

कोठडीत माणूस गेला की न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी लागते. शवविच्छेदन जिल्ह्याच्या ठिकाणी, कॅमेऱ्यासमोर झालं. झडपेवर गाठ सापडली. मग प्रत्येकानं आपापले कागद गोळा करायला सुरुवात केली. अटक करणाऱ्यांकडे कागद होता: अटकेच्या वेळी आरोपीची तक्रार नव्हती. कारागृहाकडे कागद होता: डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार त्याच दिवशी गार्ड मागवला. मुख्यालयाकडे होता: मनुष्यबळ उपलब्ध नव्हतं. माझ्याकडेही होता, शिक्क्यासकट. सगळे कागद बरोबर होते.

माझ्या साक्षीच्या आठवडाभर आधी एका वरिष्ठ डॉक्टरांनी मला नाशिकला बोलावून घेतलं. चहा मागवला, दार लावलं.

"तू पाठवायला सांगितलंस, लिहून दिलंस. तू सुरक्षित आहेस," ते म्हणाले. "फक्त जे लिहिलंय तेवढंच बोल. लिहिलेलं नाही ते कुणी विचारणार नाही. आणि विचारलं तर म्हण, आठवत नाही. दिवसाला शंभर पेशंट बघतो आपण."

"मला आवाज दबका आला होता, सर."

त्यांनी कप बशीवर फिरवला. "हे तू मला सांगितलं नाहीस," ते म्हणाले. "नीट समजून घे. तू कोर्टात हे बोललीस, तर याचा अर्थ तुला धोका कळला होता आणि तरी तू तातडीचं लिहिलं नाहीस. निष्काळजीपणा म्हणतात त्याला. आणि तू एकटी अडकणार नाहीस. आज सगळे म्हणतायत की अचानक झालं, कुणाला कल्पना येणं शक्य नव्हतं. ते मग कुणालाच म्हणता येणार नाही."

 घरी वडिलांना सांगितलं. ते देवळाली कॅम्पात लष्कराच्या कार्यालयात कारकून होते, निवृत्त झालेले. आयुष्यभर टपालाची आवक-जावक सांभाळलेला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू आवाज ऐकलास ना?"

"हो."

"मग मला कशाला विचारतेस?" असं म्हणून ते आत गेले. त्या रागाचा अर्थ मला लागला नाही. बहुतेक ते घाबरले होते.

कोर्टाची खोली लहान होती. त्या म्हाताऱ्या कैद्याचा जबाब माझ्या आधीच झाला होता. तो त्यानं मला सांगितला तसाच दिला होता. त्याचं बोलणं कुणी फार मनावर घेतलेलं दिसलं नाही. खून केल्याचा आरोप असलेला माणूस, त्याला झडपेतलं काय कळतं. दंडाधिकारी तरुण बाई होत्या. त्यांनी माझा कागद वाचला, खाली ठेवला आणि विचारलं,

"डॉक्टर, त्या मंगळवारी तुम्ही त्यांची छाती तपासली. आवाज कसा होता?"

त्याची बायको मागच्या बाकावर होती. मांडीवर फाइल, त्यात तिनं गोळ्यांसाठी फाटकावर दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच. अंगणवाडीत काम करून तिला पोच घ्यायची सवय होती. तुरुंग अधिकारी खिडकीपाशी उभे होते.

मी म्हटलं, "दबका होता. आधीच्या मंगळवारी स्वच्छ होता. मला फरक कळला होता."

"मग तातडीचं असं का लिहिलं नाही?"

"मोटार चालू होती. मी स्वतःची समजूत काढली की त्यामुळे तसं ऐकू येतंय. आणि चुकीचं ठरलं तर बोलणी बसतील, याची भीती होती."

लेखनिकाचा टंकायचा आवाज चालू होता, तो थांबला. दंडाधिकाऱ्यांनी त्याला "लिहा" म्हटलं. आता मागे घेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बाहेर पायऱ्यांवर ती बाई माझ्यासमोर थांबली. मला वाटलं ती काही कठोर बोलेल, आणि तिनं ते बोलावं असंही वाटत होतं.

"तुम्ही खरं सांगितलं," ती म्हणाली. "आता त्याचं मी काय करू, ते मला कळत नाही. मला वाटत होतं, तुम्हाला कळलंच नसेल. ते बरं होतं."

 ती फाइल पिशवीत घालून एसटी स्टँडकडे निघाली.

तिनं पुढे एका वकिलाच्या मदतीनं उच्च न्यायालयात अर्ज केला. माझा जबाब त्यात लावला होता. सरकारी पक्षानं सगळे कागद मांडले. निकाल मी वाचला, अनेकदा वाचला. त्याचा अर्थ साधा होता: बाहेरच्या माणसाला एका डॉक्टरनं हलगर्जी केली तर दुसऱ्याकडे जाता येतं, आतल्या माणसाला नाही. ज्यानं दार बंद केलं, त्याच्यावरच आतल्या माणसाच्या जिवाची जबाबदारी येते, आणि मनुष्यबळ नव्हतं हे त्यावरचं उत्तर नाही. भरपाई सरकारनं द्यायची होती. त्यानंतर दोष कोणाकोणाचा, हे ठरवून त्यांच्याकडून वसूल करायची मोकळीक सरकारला होती. दगडफेकीच्या खटल्यात त्याच्या नावापुढे नुसतं मयत असं लिहून तो भाग संपवला गेला. त्यानं दगड मारला होता की नाही, हे कुणी ठरवलंच नाही.

माझी विभागीय चौकशी सुरू झाली, ती अजून चालू आहे. माझी बदली झाली. तुरुंग अधिकाऱ्यांचीही झाली. एकदा नाशिकला ठक्कर बाजारच्या एसटी स्टँडवर ते दिसले. मी बाजूला होणार तेवढ्यात तेच जवळ आले.

"मॅडम, मी तुम्हाला विचारलं होतं," ते हळूच म्हणाले. "तातडीचं आहे का, म्हणून. विचारलं होतं ना?"

"विचारलं होतं."

"हे तुम्ही चौकशीत सांगाल ना?"

"सांगेन."

त्यांनी मान डोलावली आणि आपल्या गाडीकडे गेले. आधीपेक्षा पुष्कळ वाळले होते. माझ्याकडे आता दर काही महिन्यांनी चौकशीचा खाकी लिफाफा येतो. वडील तो सही करून घेतात आणि माझ्या टेबलावर पालथा ठेवतात. तो उघडायला मला कधी कधी दोन दिवस लागतात.

गेल्या महिन्यात सकाळी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. तीच बाई होती. इतक्या वर्षांत तिनं मला कधी फोन केला नव्हता.

"मॅडम, आमच्या गल्लीतल्या एकाला काल आत टाकलंय. फिट येते त्याला. गोळ्या घरीच राहिल्या. त्याची आई माझ्याकडे बसलीय. कुठे काय लिहायचं ते सांगा."

मी सांगितलं. तिनं एकेक ओळ पुन्हा म्हणून दाखवली आणि लिहून घेतली. गोळीचं नाव, मात्रा, बंद पडली तर काय होतं ते, न्यायालयाला अर्ज, कारागृहाला प्रत, दोन्हीची पोच. शेवटी ती म्हणाली,

"तातडीचं असं लिहू ना?"

"पहिल्याच ओळीत लिहा," मी म्हटलं.

दुपारी दोनला तिचा निरोप आला: अर्ज दिला, पोच मिळाली. चारला दुसरा आला: गोळ्या घेतल्या नाहीत अजून, साहेब बाहेर गेलेत म्हणतात, आम्ही फाटकावर बसलोय. मी बाह्यरुग्ण विभागातच होते. समोरच्या पेशंटला थांबायला सांगितलं आणि त्या कारागृहाचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली. कुणी उचलला नाही. मी पुन्हा लावला.